लक्ष नाही, की हात ऐकत नाहीत?

डबा सांडला, बुटाची नाडी सुटली, अक्षर ओळीबाहेर गेलं. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या अडचणीचं, निदान झालेल्या मुलाबाबत या सगळ्याचं कारण आधीच ठरलेलं असतं: 'त्याचं लक्षच नसतं.' आई-बाबा हेच म्हणतात, बाई हेच म्हणतात. वाईट याचं वाटतं, की डॉक्टरही बरेचदा तिथेच थांबतात.

हालचालींचा मेळ न बसणं ही वेगळी अडचण आहे. तिला डीसीडी म्हणतात. अनेकांना ती डिस्प्रॅक्सिया म्हणून माहीत असते. शाळकरी मुलांत ती साधारण 5 ते 6 टक्क्यांना असते, पण एडीएचडी असलेल्यांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर जातं. स्वीडनचे बालमनोविकारतज्ज्ञ ख्रिस्तोफर गिलबर्ग यांनी तर या जोडीला 'डॅम्प' असं नावच दिलं होतं.

मूल शर्टाची बटणं लावताना शेजारी बसून बघा. नुसतं एडीएचडी असेल तर दोन बटणं पटकन लागतात, तेवढ्यात बाहेर कुत्रा भुंकतो आणि शर्ट तसाच राहतो. आवडीच्या कामात तेच हात सफाईने चालतात. डीसीडी असलेलं मूल मात्र बटणावरून नजर हलवत नाही. जीभ दाताखाली, बोटं ताठ. बटण काजाशी येतं, निसटतं, पुन्हा निसटतं. अशा वेळी 'नीट लक्ष दे' म्हणणं हा त्या लेकरावर अन्याय आहे.

उलटही होतं. चेंडू झेलता येत नाही म्हणून मूल पीटीच्या तासाला मागे राहतं, हात दुखतो म्हणून लिहिणं टाळतं, आणि शिक्का बसतो बेफिकिरीचा.

हे निसटतं कारण तपासणीत प्रश्न विचारले जातात ते वागण्याचे, एकाग्रतेचे. मूल खुर्चीत बसलेलं असतं. त्याच्याकडे चेंडू कोणी टाकत नाही. 'मूव्हमेंट एबीसी' चाचणीत हाताची कामं, झेल आणि तोल तिन्ही पाहतात, पण तिथवर पाठवायला आधी शंका यायला हवी. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या 2013च्या डीएसएम-5 या अमेरिकी पुस्तिकेनुसार दोन्ही निदानं एकत्र देता येतात. ती द्यावीत, कारण उपाय वेगळे आहेत. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाने लक्ष टिकतं, काहींचं अक्षरही सुधारतं. नाडी बांधणं मात्र रोजची कामं शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या मदतीने नाडी बांधूनच शिकावं लागतं.

पुढच्या भेटीला मुलाची वही न्या, नाडीचे बूट घालून न्या. डॉक्टरांसमोर ते सोडून पुन्हा बांधायला सांगा.