खेळते भांडवल

खेळते भांडवल म्हणजे उद्योगाच्या रोजच्या उलाढालीत अडकणारा आणि उलाढाल पूर्ण झाली की मोकळा होणारा पैसा. जमीन, इमारत, यंत्रे यांत घातलेला पैसा वर्षानुवर्षे एका जागी बसून राहतो. ते स्थिर भांडवल. खेळते भांडवल मात्र सतत रूप पालटत असते. आज रोकड, उद्या कच्चा माल, मग यंत्रावर चढलेला अर्धवट माल, मग गोदामातला तयार माल, मग गिऱ्हाइकाकडची उधारी आणि वसुली झाली की पुन्हा रोकड. ताळेबंदातल्या चालू मालमत्तेतून (वर्षभरात रोकड होणारी) चालू देणी (वर्षभरात फेडायची) वजा केली की निव्वळ खेळते भांडवल मिळते. आकडा काढणे सोपे आहे. रोकड बाहेर पडते तो दिवस आणि ती परत येते तो दिवस यांच्यामधला काळ कोणाच्या पैशावर काढायचा, हा खरा प्रश्न आहे. कंपनीच्या रोख व्यवस्थापनाची आणि अल्पमुदतीच्या वित्तपुरवठ्याची सगळी साधने याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. भोसरीतल्या एका छोट्या मशिनिंग युनिटची वर्षाची विक्री १ कोटी २० लाख रुपये आणि सगळा खर्च १ कोटी ८ लाख आहे असे समजा. म्हणजे नफा १२ लाख आणि रोजचा खर्च साधारण ३० हजार. कच्चे पोलाद २० दिवस पडून राहते, काम १० दिवस चालते, तयार माल आणखी १० दिवस थांबतो आणि गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देते. हे झाले १०० दिवस. पोलादवाला ३० दिवसांची उधारी देतो, ती वजा केली की ७० दिवस उरतात. ७० दिवसांचा खर्च, म्हणजे २१ लाख रुपये, कायम या चक्रात फिरत असतात. आता मोठ्या गिऱ्हाइकाने ६० ऐवजी ९० दिवस लावले. विक्री तीच, नफा तोच. पण चक्र १०० दिवसांचे झाले आणि त्यात ३० लाख अडकले. वर्षभराच्या १२ लाख नफ्यातले ९ लाख एका झटक्यात दुसऱ्याच्या खिशात जाऊन बसले. कागदावर युनिट फायद्यात आहे आणि पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नाहीत.

त्यातच सरकारी देण्यांच्या तारखा थांबत नाहीत. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, १५ तारखेला भविष्य निर्वाह निधी, २० तारखेला जीएसटी. मासिक विवरण भरणाऱ्याला जीएसटी बिल फाडल्याच्या हिशेबाने भरावा लागतो, पैसे हातात आल्याच्या नव्हे. बिल थकले असले तरी त्यावरचा कर आधी पदरचा भरायचा असतो. म्हणूनच अनुभवी लेखापाल नफा-तोटा पत्रकाइतकाच आठवड्यागणिक रोख आवक-जावकीचा तक्ता जपतो. कोणत्या आठवड्यात तूट पडणार हे सहा आठवडे आधी कळले तर बँकेशी बोलता येते, खरेदी पुढे ढकलता येते, एखाद्या गिऱ्हाइकाला सवलत देऊन वसुली आधी करता येते. आदल्या दिवशी कळले तर महाग उसनवारीखेरीज काही उरत नाही.

रोकड हाताशी किती ठेवावी, याचाही विचार झाला आहे. विल्यम बॉमोल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये रोकडीकडे मालाच्या साठ्यासारखे पाहिले. जास्त ठेवली तर व्याज बुडते, कमी ठेवली तर पुन्हा पुन्हा काढण्याचा खर्च येतो. १९६६ मध्ये मर्टन मिलर आणि डॅनियल ऑर यांनी आवक-जावक अनिश्चित असेल तेव्हासाठी वरची आणि खालची मर्यादा काढण्याची रीत मांडली. मोठ्या कंपन्यांच्या ट्रेझरी विभागांना हा विचार उपयोगी आहे. लहान उद्योजकाकडे मात्र गुंतवायला शिल्लक रोकड क्वचितच असते. त्याच्यासाठी खरा बदल झाला तो पैसे पोचण्याच्या वेगात. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास सुरू झाले. चेक वटण्याची वाट पाहण्यात जाणारे दिवस वाचले. मात्र गिऱ्हाइकाला चेक लिहिण्याची इच्छाच नसेल तर तो वेग कामाला येत नाही.

मधला काळ भरून काढण्याची गरज जुनीच आहे. पेढ्यांवरची मुदती हुंडी हे अल्पमुदतीच्या पतपुरवठ्याचेच साधन होते. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवशी. त्याआधी पैसे हवे असतील तर सराफ बट्टा कापून ती घेई. पेशवाईत राज्यकारभारालाही हाच ताण होता. महसूल पीक आल्यावर जमा होणार आणि फौजेचा खर्च त्याआधीच उभा. तेव्हा कमाविसदाराकडून, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याकडून, अंदाजित वसुलीचा काही भाग आगाऊ घेतला जाई. त्याला रसद म्हणत. कमाविसदार ती सावकाराकडून उचले.

आजच्या भारतीय उद्योगाचे मुख्य साधन कॅश क्रेडिट आहे. कारखानदारांच्या बोलण्यात ते नुसते ‘सीसी’ असते. त्याचे मूळ स्कॉटलंडमध्ये सापडते. १७२८ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने एडिंबरोच्या विल्यम हॉग या व्यापाऱ्याला खात्यात जमा असलेल्या रकमेहून १,००० पौंड जास्त काढण्याची मुभा दिली. भारतात या खात्याला तारणाची जोड मिळाली. माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतो आणि त्यावर बँकेचा नजरगहाण हक्क असतो, किंवा माल थेट बँकेच्या कुलपात जातो. पतमर्यादा मंजूर झाली म्हणून सगळी रक्कम उचलता येत नाही. दर महिन्याला साठ्याचे आणि येण्यांचे विवरणपत्र, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, द्यावे लागते. बिलाचे पैसे न देता आणलेला माल आणि फार जुनी झालेली येणी त्यातून वजा होतात, उरलेल्यावर दुरावा, म्हणजे उद्योजकाने स्वतः घालायचा हिस्सा, कापला जातो आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, ठरते. जुनी येणी म्हणजे बहुतेक बँकांत ९० दिवसांपुढची. याचा परिणाम क्रूर आहे. गिऱ्हाइकाने पैसे जितके लांबवले तितकी युनिटची बँकेतली उचलही कमी होते. पैशाची निकड सर्वांत जास्त असते नेमक्या त्याच वेळी दोन्ही दारे बंद होतात.

कर्ज किती द्यावे, याचा विचार अनेक समित्यांनी केला. बँका तारण बघत, गरज बघत नसत आणि खेळत्या भांडवलाच्या नावाने काढलेला पैसा यंत्रांत आणि इमारतींत जाई, हे देहेजिया गटाने १९६९ च्या सुमारास दाखवून दिले. जुलै १९७४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब नॅशनल बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. कोणत्या उद्योगात कच्चा माल, तयार माल आणि येणी किती महिन्यांची असावीत याचे निकष त्याने घालून दिले आणि कर्जमर्यादा काढण्याच्या तीन पद्धती सुचवल्या. चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा उद्योजकाने दीर्घ मुदतीच्या पैशातून आणावा, ही त्यांतली दुसरी पद्धत. १९७९ च्या चोरे समितीने तिच्यावरच भर दिला. चालू मालमत्ता चालू देण्यांच्या १.३३ पट असावी, हा बँक अधिकाऱ्यांच्या तोंडी बसलेला आकडा तिथूनच आला. १९९७ मध्ये बँक ऑफ बडोदाचे तेव्हाचे अध्यक्ष के. कन्नन यांच्या समितीनंतर ही सक्ती उठली आणि मोजणीची पद्धत ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली.

लहान उद्योगांसाठी नायक समितीने १९९२ मध्ये सोपा नियम दिला. अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरावी. त्यातले २० टक्के बँकेने द्यावेत, ५ टक्के उद्योजकाने घालावेत. वरच्या युनिटला हा नियम लावला तर बँकेचे २४ लाख आणि स्वतःचे ६ लाख, असे ३० लाख होतात. म्हणजे ९० दिवसांची उधारी कशीबशी भागते. गिऱ्हाईक १२० दिवसांवर गेले की गरज ३९ लाखांची होते. ते वरचे ९ लाख नियमात कुठेच नाहीत. तिथे मग पतसंस्था, नातेवाईक, घरातले सोने आणि खासगी सावकार येतात.

महाराष्ट्रात हा ताण सर्वांत उघडा दिसतो तो साखर कारखान्यात. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत संपते. ऊस चार-पाच महिन्यांत विकत घ्यायचा आणि साखर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ विकायची. जून २०१८ पासून तर प्रत्येक कारखान्याने महिन्याला किती साखर विकावी हा कोटाही केंद्र सरकार ठरवते. उलट १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात, नाही दिले तर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. १४ दिवस आणि वर्षभर, या दोन मुदतींमधली दरी बँकेने भरायची, अशी ही रचना आहे.

बॉयलर पेटण्याआधीच खर्च सुरू होतो. यंत्रांची दुरुस्ती आणि ऊसतोडीच्या टोळ्यांना द्यायची उचल यांसाठी पूर्वहंगामी कर्ज काढले जाते. ती उचल वाहतूकदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून बीड, अहिल्यानगर, जालना भागांतल्या जोडप्यांकडे पोचते. कारखान्याच्या ताळेबंदात ती येण्यांच्या बाजूला दिसते, पण कोयता चालवणाऱ्याच्या अंगावर ते कर्ज असते आणि हंगामात फिटले नाही तर पुढच्या हंगामात त्याला पुन्हा त्याच फडात आणते. खेळत्या भांडवलाची साखळी कुठवर जाते, हे पाहायचे असेल तर या टोकापर्यंत जावे लागते.

साखर तयार होऊ लागली की माल तारण कर्ज सुरू होते. राज्य सहकारी बँक किंवा जिल्हा मध्यवर्ती बँक पोत्यांचे मूल्यांकन करते. समजा क्विंटलला ३,४०० रुपये धरले. १० टक्के दुरावा गेला, राहिले ३,०६०. प्रक्रिया खर्च आणि जुन्या कर्जांचे हप्ते मिळून ७५० रुपये कापले, तर उसासाठी २,३१० उरतात. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३,४०० रुपये होती आणि त्या टनातून साखर निघते १०२.५ किलो. म्हणजे हातात साधारण २,३७० आणि देणे ३,४०० रुपयांचे, ज्यात तोडणी-वाहतूकही आली. मळी, बगॅस, वीज, इथेनॉल यांतून काही भरून निघते. उरलेली टनामागची तूट लाखो टनांनी गुणली की थकीत एफआरपी तयार होते. साखरेचा दर पडला तर बँक मूल्यांकन खाली आणते आणि आधी दिलेले कर्जच ‘शॉर्ट मार्जिन’मध्ये जाते, म्हणजे त्याला तारण अपुरे पडते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कारखान्याची अडचण खोटी नव्हती. पण दुसरा हप्ता लांबवणे म्हणजे शेतकऱ्याकडून न विचारता, बिनव्याजी घेतलेले अल्पमुदतीचे कर्जच होते, आणि त्याच काळात सोसायटीच्या पीककर्जाची परतफेड शेतकऱ्याच्या डोक्यावर होती.

मोठ्या कंपन्यांना आणखी एक दार उघडे असते. वाघुळ गटाच्या शिफारशीनंतर १९९० पासून त्या कमर्शियल पेपर, म्हणजे अल्पमुदतीची बिनतारणी वचनचिठ्ठी, काढून थेट बाजारातून पैसे उचलू शकतात. त्याची मुदत ७ दिवसांपासून एक वर्षापर्यंत असते. हा पैसा सीसीपेक्षा बहुधा स्वस्त असतो, पण मुदत संपताच तो परत करावा लागतो आणि नवा कोणी देईलच असे नाही. पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाला सप्टेंबर २०१८ मध्ये हेच भोवले. रस्ते आणि वीजप्रकल्पांसारख्या वर्षानुवर्षांनी पैसे परत देणाऱ्या कामांच्या मागे अल्पमुदतीची उसनवारी उभी होती. देणी चुकू लागताच कोणी नवे कर्ज देईना. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने संचालक मंडळ बदलले. समूहावर तेव्हा ९० हजार कोटींहून अधिक कर्ज होते.

लहान पुरवठादाराच्या थकलेल्या बिलासाठी कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने करार असला तरी ४५ दिवसांची, नसेल तर १५ दिवसांची कमाल मुदत घातली आणि उशिराला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लावले. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक फास आवळला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात वजा करता येत नाही. २०१७ पासून ट्रेड्स ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्थाही चालू आहे. तिथे पुरवठादाराचे बिल खरेदीदार मान्य करतो, बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला बट्टा वजा जाऊन लगेच पैसे मिळतात. मुदतीच्या दिवशी बँकेचे पैसे खरेदीदाराने फेडायचे. मुदती हुंडीचाच हा नवा अवतार. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी आता सक्तीची आहे. मात्र नोंदणी सक्तीची असली तरी बिल मान्य करणे खरेदीदाराच्याच हातात असते आणि थकलेल्या बिलाची तक्रार या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे नेण्याआधी युनिटचा मालक पुढच्या महिन्याच्या ऑर्डरचा विचार करतो. एकच मोठे गिऱ्हाईक असलेला माणूस बहुधा तक्रार करत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावतो.