कॉन्टेसात मोठं इंजिन बसवायचंय? आधी आरसी उघडा

जुन्या कारमध्ये जास्त ताकदीचं इंजिन बसेल का, असं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात जाऊन विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "होतं सगळं साहेब, तुम्ही फक्त इंजिन आणा." कारागिराच्या बाजूने ते खोटं नाही. माउंटिंग नवी करता येतात, गिअरबॉक्स जुळवता येतो, रेडिएटर मोठा टाकता येतो. पण ती गाडी घोडबंदर रोडवर पोलिसाने अडवली तर दाखवायचं काय, हे गॅरेजवाला सांगत नाही. ते त्याचं कामही नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी हे वाचा.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ इथे लागू होतं. उत्पादकाने गाडीचा जो तपशील दिला आणि जो आरसीत, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, उतरला, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. आरसी हातात घेऊन बघा : इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, इंधन, बॉडीचा प्रकार. जास्त ताकदीचं इंजिन बसवलं की इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही बदलतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून हेच ठणकावून सांगितलं. त्यामुळे 'ताकद वाढवण्यासाठी इंजिन बदल' या नावाचा अर्ज शोधत बसू नका.

आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा कॉन्टेसावरून, हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या मोटारीवरून, निघतो. लांब बॉनेट, रुंद छाती, त्यामुळे तिला 'देशी मसल कार', म्हणजे दांडग्या इंजिनाची अमेरिकी धाटणीची गाडी, म्हणायची पद्धत पडली. पण सुरुवातीच्या गाड्यांत बॉनेटखाली अ‍ॅम्बॅसॅडरच्याच घराण्यातलं १,४८९ सीसीचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. नंतरच्या कॉन्टेसा क्लासिकमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं, ८८ अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन आलं. जुन्या कॉन्टेसावाल्याला वाटतं, कंपनीनेच याच बॉडीत मोठं इंजिन दिलं होतं, मग मी बसवलं तर बिघडलं कुठे? तर्क बिनतोड आहे, पण आरसी मॉडेलच्या नावाची नसते, एका विशिष्ट गाडीची असते. तुमच्या गाडीच्या रकान्यात १४८९ लिहिलेलं असेल, तर इसुझूचं १.८ हे त्या गाडीसाठी परकंच इंजिन.

अमेरिकेतल्या मूळ मसल कारवाल्यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. तिकडे १९६६ ची सहा सिलिंडरची फोर्ड मस्टँग घेऊन तिच्यात व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टाकणं हा जुना छंद आहे. पण जाणकार तिथेही नुसतं इंजिन उचलून ठेवत नाहीत. फोर्डने सहा सिलिंडरच्या गाडीला चार नटांची चाकं, लहान ब्रेक आणि हलका मागचा अ‍ॅक्सल दिला होता. व्ही-एटला पाच नटांची चाकं आणि दणकट अ‍ॅक्सल. त्यामुळे इंजिनाबरोबर ब्रेक, स्प्रिंगा, स्टिअरिंगचे भाग आणि अ‍ॅक्सलही बदलावे लागतात. आमच्या बाजूचं कलम कितीही जाचक वाटलं, तरी पन्नास अश्वशक्तीला पुरणाऱ्या ब्रेकांवर दीडशेची गाडी पारसिकच्या उतारावरून यावी, असं मला तरी वाटत नाही.

मग मिळतं काय? इंजिन जाम झालं, ब्लॉक फुटला, तर त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं दुसरं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बसवता येतं. दहा किंवा त्याहून जास्त व्यावसायिक वाहनं असणाऱ्या मालकाला राज्य सरकार असं इंजिन विनापरवानगी बदलण्याची मुभा देऊ शकतं, पण त्यालाही १४ दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यावी लागते. घरच्या एकट्या गाडीला ती मुभा नाही. आधी मंजुरी, मग पाना. ठाण्याची गाडी असेल तर एमएच ०४ चं कार्यालय, नवी मुंबईची असेल तर एमएच ४३ चं. कल्याण-डोंबिवलीकरांनी एमएच ०५ कडे जावं, पनवेल-खारघरवाल्यांनी एमएच ४६ कडे. सुरुवात परिवहनच्या पोर्टलवर गाडीच्या नंबराने करायची, शुल्क तिथेच भरायचं, आणि नंतर गाडी निरीक्षकाला दाखवायची. फाईलमध्ये मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, नव्या इंजिनाचं पक्कं बिल आणि चेसिस व इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून उठवलेला ठसा) ठेवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तिची लेखी संमती आधी घ्या. इंजिन भंगारबाजारातून, कच्च्या पावतीवर उचललेलं असेल तर इथेच गाडं अडतं. ते कुठल्या गाडीतून निघालं हे सांगता आलं नाही, तर चोरीच्या मालाचा संशय तुमच्यावर येतो.

इंधन बदलायचं असेल तर कायद्यात वाट आहे. सीएनजी किंवा एलपीजीचं मान्यताप्राप्त किट बसवून आरसीत इंधनाचा रकाना बदलता येतो. ताकद मात्र वाढत नाही, थोडी घटतेच. इलेक्ट्रिक किटलाही परवानगी आहे, पण किट पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि गाडी १ जानेवारी १९९० नंतर बनलेली हवी. म्हणजे सुरुवातीची कॉन्टेसा आणि १९६६ ची मस्टँग, दोघी बाद.

पन्नास वर्षांहून जुनी मोटार असेल तर २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. अर्ज फॉर्म २० मध्ये, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर फेरनोंदणीला ५,०००. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. जुनी आरसी जोडायची, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद), शिवाय विमा. गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभालीपुरतीच बाहेर काढायची. रोज बेलापूरला कामावर न्यायची नाही. आणि खरी अट पुढे आहे : चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. मोठं इंजिन टाकलंत की हा दरवाजाही बंद. ज्यांच्याकडे मूळ इंजिनासह साठच्या दशकातली गाडी आहे, त्यांनी ते इंजिन काढून विकण्याआधी दहादा विचार करावा.

पन्नाशी न गाठलेल्या गाडीला नेहमीचं नूतनीकरण आहेच : १५ वर्षं झाली की फॉर्म २५, गाडीची तपासणी, पर्यावरण कर, आणि पुढे दर ५ वर्षांनी तेच. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे, आयात मोटारीला ८०,०००. चोरून बदललेलं इंजिन पकडलं जाण्याची जागा बहुधा हीच, कारण निरीक्षक इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. 

विनापरवानगी बदलाला कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पाच हजार ऐकून काहीजण हसतात. विमा कंपनीला न सांगता इंजिन बदललं आणि अपघातात कोणी जखमी झालं, तर कंपनी हात वर करायला बघते आणि भरपाईचा आकडा मालकाच्या दारात येऊ शकतो; तो पाच हजारांत मावत नाही.

तरीही व्ही-एटचा आवाज डोक्यातून जात नसेल, तर गाडी फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी बनवा. नावाजलेले जुने ट्रॅक कोइम्बतूर आणि चेन्नईजवळ आहेत, तेव्हा बजेटमध्ये इंजिनाखाली ट्रेलरचं भाडं लिहून ठेवा. गाडी तिथवर चालवत नेता येणार नाही.