झाडाने खाल्लेला पारा जातो कुठे?

‘प्रदूषण खाऊन टाकणारी झाडे’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून येतेच. ती वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा: खाल्लेलं गेलं कुठे? सांडलेलं तेल असेल तर जिवाणू त्याच्या रेणूंचे तुकडे करतात आणि शेवटी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. पण शिसं, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्यं आहेत. ती कुणालाच पचत नाहीत. झाड फार तर धातूची जागा बदलेल, नाहीतर त्याचं रासायनिक रूप.

जागा बदलण्यात काही वनस्पती मुळातच पटाईत असतात. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या पिक्नँड्रा अक्युमिनाटा या झाडाचा चीक निळसर हिरवा दिसतो, कारण वाळलेल्या चिकाच्या वजनात सुमारे 25 टक्के निकेल असतं! मात्र अशा वनस्पती बहुधा लहानखुऱ्या किंवा सावकाश वाढणाऱ्या, आणि भराभर वाढणाऱ्यांना धातू सोसत नाही. म्हणून जनुकांची उसनवारी: दुसऱ्या जीवाचं जनुक काढून भराभर वाढणाऱ्या रोपात घालायचं.

त्यातली माझी सगळ्यात आवडती उसनवारी पाऱ्याची. पाऱ्याचा आयन प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतो आणि प्रथिनं निकामी करतो. काही जिवाणूंकडे यावर ‘मर-ए’ नावाचं जनुक आहे. त्यापासून बनणारं एन्झाइम पाऱ्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन देतं. आयनाचा झाला धातुरूप पारा. तो गंधकाला तसा चिकटत नाही आणि वाफ होऊन पेशीतून निघून जातो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात रिचर्ड मीगर यांच्या गटाने 1996 मध्ये हे जनुक अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात घातलं.

ते सरळ घालून भागलं नाही. जनुकातली तीन-तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल ठरतं, पण एकाच आम्लाला अनेक त्रिकं चालतात: अ‍ॅलॅनिनसाठी जीसीटी, जीसीसी, जीसीए, जीसीजी, कुठलंही. जिवाणूच्या या जनुकात जी आणि सी यांची नुसती गर्दी. वनस्पतीच्या पेशीत ते चालेना. मग काही भागातली त्रिकं बदलली, एन्झाइम जवळजवळ तेच ठेवलं, आणि जनुक कामाला लागलं. साध्या बिया जिथे मरतात अशा पाऱ्याच्या मात्रेत ही रोपं वाढली आणि पाऱ्याची वाफ सोडू लागली.

त्याहून घातक मिथाइलपारा, म्हणजे कार्बनला जोडलेला पारा. जपानमध्ये 1956 साली उघडकीला आलेला मिनामाटा आजार त्याचाच. इथे आधी ‘मर-बी’चं एन्झाइम कार्बन आणि पारा यांच्यातला बंध तोडतं, मग ‘मर-ए’चं काम सुरू होतं. दोन्ही जनुकं असलेली रोपं साध्या रोपांपेक्षा 50 पट मिथाइलपाऱ्यात वाढली.

आता पुन्हा तोच प्रश्न. पारा गेला हवेत. तिथे तो महिनोन्‌महिने फिरतो आणि कुठेतरी दूर पुन्हा जमिनीवर, पाण्यात उतरतो. समर्थक म्हणतात, वातावरणात तो विरळ होतो. मला हा युक्तिवाद पटत नाही. आपल्या अंगणातला पारा दुसऱ्याच्या अंगणात गेला, इतकंच. (‘शरीरातले जड धातू बाहेर काढणारे’ डिटॉक्स रस विकणाऱ्यांनाही विचारावं: कोणता धातू, किती, आणि निघाला हे मोजलं कुणी? शिशाच्या विषबाधेवर डॉक्टर कीलेशनची, म्हणजे धातूला पकडून शरीराबाहेर नेणारी, औषधं देतात, तीही रक्त तपासून.)

त्यापेक्षा धातू पानातच कोंडणं बरं. वनस्पती पेशीतल्या ग्लुटाथायोन या छोट्या रेणूपासून गंधकयुक्त फायटोकीलेटिन बनवतात. ते कॅडमियमला पकडतं आणि जोडी पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, ढकलली जाते. 2003 मध्ये यीस्टमधलं असंच धातू ढकलणारं ‘वायसीएफ-1’ जनुक अरॅबिडॉप्सिसमध्ये घातल्यावर शिसं आणि कॅडमियम दोन्ही जास्त सोसले, जास्त साठलेही. मात्र अशी झाडं वेळेवर कापावी लागतात. पानं गळाली की धातू परत मातीत. गुरांच्या तोंडी ती लागता कामा नयेत. परागकण रानातल्या भाईबंदांपर्यंत पोचू नयेत म्हणून फुलोऱ्याआधी कापणी हवी. आणि कापलेलं जाळलं, तर राखेतला नि धुरातला धातू पकडायची सोय त्या भट्टीत हवी.