ज्ञानेश्वरी जयंती: लिहिण्याची नव्हे, शुद्ध करण्याची तिथी

गणपती गेले की ऐन पितृपक्षात, भाद्रपद वद्य षष्ठीला, बेळगाव-खानापूरकडच्या माळकरी घरांत ज्ञानेश्वरी चौरंगावर येते. तुळस, बुक्का, हार. जयंती म्हणायचं खरं, पण ग्रंथ याच तिथीला पुरा झाला असं ग्रंथात कुठं नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर ही टीका, म्हणजे विवेचन, केली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, एवढंच शेवटी येतं. साल आहे, तिथी नाही.

तिथी दिली ती जवळजवळ तीनशे वर्षांनी एकनाथांनी. हातानं नकला होता होता पाठ बिघडले होते. नाथांनी पैठणला पोथी शोधून शुद्ध केली, आणि शके १५०६ मध्ये, १५८४ साली, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला, म्हणजे याच वद्य षष्ठीला, काम संपल्याचं ओव्यांतच नोंदवलं. म्हणजे हा सण चक्क मुद्रितशोधनाचा! वर तंबीही आहे: यात जो आपली मराठी ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे रिकामी करवंटी. इतकी घरगुती शिक्षा दुसऱ्या कुठल्या संपादकाला सुचली नसती.

आमच्याकडं त्या दिवशी मोठा थाट नसतो; भात पोटरीत असतं, सवड कुणाला? खरा सोहळा सुगी आवरल्यावर. सात दिवसांचं पारायण, पहाटे काकडआरती, व्यासपीठ चालक, म्हणजे पुढं बसून वाचन चालवणारा, त्याच्यामागून वाचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला. अठरा अध्यायांच्या नऊ हजारांवर ओव्या, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. या सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पोथीवर सीमाप्रश्नाचं ओझं घालणं मला पटत नाही. विठ्ठलाला ‘कानडा’ म्हणणारेही ज्ञानेश्वरच, आणि काल्याच्या पंगतीला कन्नड शेजारी बसतातच. पण शाळेत कन्नड शिकणाऱ्या नातवानं मोठ्यानं सलग मराठी वाचायची जागा आता बहुतेक हा मांडवच.

तो ‘जाहला’ला ‘झाला’ म्हणतो. शेजारचे आजोबा वाचन थांबवत नाहीत. नुसतं त्या शब्दाखाली नख टेकवतात, आणि पुढची ओवी सुरू होते.