अँथनी जॉन्सन: व्हर्जिनियातला काळा मळेवाला आणि १६५५चा निवाडा

'अमेरिकेतला पहिला गुलाममालक काळा होता' हा दावा अधूनमधून पुन्हा फिरू लागतो. तो ज्याच्याबद्दल केला जातो त्या अँथनी जॉन्सनच्या आयुष्यातली मोजकीच कागदपत्रं हाती आहेत: जमिनीचे दाखले, कोर्टाच्या नोंदी, करमाफीचा एक अर्ज. त्यांतल्या एकाच निकालावर हा सगळा डोलारा उभा आहे.

१६२१ साली तो 'अँटोनिओ, निग्रो' एवढ्याच नोंदीनिशी व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतीत उतरला आणि तंबाखूच्या मळ्यावर लागला. पुढच्याच वर्षी, मार्च १६२२मध्ये, पोव्हॅटन या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या हल्ल्यात त्या मळ्यावरची पन्नासावर माणसं मारली गेली. वाचलेल्या मूठभरांत तो होता. त्याच वर्षी आलेली मेरी पुढे त्याची बायको झाली. त्यांचा संसार चाळीसहून अधिक वर्षं टिकला. त्यांना चार मुलं झाली. जिथे ताप आणि उपासमारीने घरंच्या घरं बसत होती, तिथे हे विशेषच म्हणायचं. बांधील चाकरीतून दोघं मोकळे नेमके कसे झाले, हे कागदांत कुठे येत नाही.

१६५१मध्ये चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, पंगोटीग खाडीलगत, त्याच्या नावे २५० एकर जमीन झाली. वसाहतीत माणूस आणायचा खर्च करणाऱ्याला दर डोई ५० एकर, या नियमाने पाच नावं दाखवून ती मिळाली. त्या पाचांत एक नाव त्याच्याच मुलाचं आहे, आणि असे डोई-हक्क तेव्हा सर्रास विकतही मिळत. तेव्हा पाच नावं म्हणजे पाच नोकर, असा हिशेब मांडता येत नाही. पुढे मुलांनीही जमिनी घेतल्या: एकाने ५५० एकर, दुसऱ्याने १००. १६५३च्या सुमाराला आगीत घरादाराचं मोठं नुकसान झालं, तेव्हा जिल्ह्याच्या कोर्टाने मेरीला आणि दोन मुलींना जन्मभर करमाफी दिली. ही सवलत किरकोळ नव्हती. गोऱ्या शेतकऱ्याच्या बायकोवर हा कर नव्हता. काळ्या बायकांवर तो १६४३पासून होता.

आता तो खटला. जॉन्सनकडचा जॉन कॅसॉर हा काळा नोकर म्हणू लागला, की मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो, मुदत उलटून गेली तरी मला सोडत नाहीत. जॉन्सनचं म्हणणं: करार मी कधी पाहिलाच नाही, हा जन्माचा माझा. शेजारच्या गोऱ्या मळेवाल्याने कॅसॉरची बाजू घेतली आणि त्याला आपल्याकडे नेलं. (त्यालाही हात हवेच होते, उगाच पुण्यवान ठरवायला नको.) बायको, मुलं आणि जावयाने समजावल्यावर जॉन्सनने आधी कॅसॉरला सोडलंही. न सोडावं तर कॅसॉर कोर्टातून आपल्या गाई काढून घेईल, अशी धास्ती होती. मग त्याचं मन फिरलं आणि तो कोर्टात गेला. मार्च १६५५मध्ये निकाल लागला: कॅसॉर मालकाकडे परत, खर्च शेजाऱ्याने भरायचा.

निकाल खरा, आणि जॉन्सनने एका माणसाला जन्मभर बांधून ठेवलं हेही खरं. 'पहिला' मात्र पटत नाही. १६४०मध्येच व्हर्जिनियात पळून गेलेल्या तीन नोकरांपैकी दोघा गोऱ्यांची मुदत वाढवली गेली आणि काळ्याला जन्मभराची सेवा सुनावली गेली. १६४१मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने गुलामगिरीला जागा करून दिली होती. १६५५चं वेगळेपण इतकंच, की गुन्ह्याची शिक्षा म्हणून नव्हे, तर दिवाणी दाव्यात एक माणूस जन्माचा नोकर ठरला. त्यावरून सगळ्या व्यवस्थेचं पितृत्व एका काळ्या शेतकऱ्याच्या माथी मारणं हा निव्वळ कांगावा आहे.

कारण व्यवस्था कायदेमंडळाने उभी केली, आणि तिच्यात जॉन्सनांना जागा नव्हती. १६६२मध्ये ठरलं, की मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे आई गुलाम तर मूलही गुलाम. १६७०मध्ये मोकळ्या काळ्यांना ख्रिस्ती, म्हणजे व्यवहारात गोरे, नोकर ठेवायची बंदी झाली. १६९१पासून गुलाम मोकळा करायचा तर त्याला वसाहतीबाहेर धाडायची अट आली, आणि १७०५मध्ये गुलाम स्थावर मिळकतीत मोजले जाऊ लागले.

जॉन्सन कुटुंब १६६५च्या सुमाराला गुरंढोरं घेऊन मेरीलँडला गेलं होतं. तिथे ३०० एकर भाड्याने घेतले. कॅसॉरही बरोबर होता. १६७०मध्ये जॉन्सन वारला. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या ज्यूरीने ठरवलं, की तो निग्रो, म्हणून परका. त्याने मुलाला दिलेले ५० एकर सरकारजमा. ज्या वसाहतीच्या कोर्टाने त्याचा मालकीहक्क मानला, तिनेच तो गेल्यावर त्याची जमीन काढून घेतली. नातवाने १६७७मध्ये मेरीलँडला ४४ एकर घेतले आणि त्या शेताला 'अंगोला' हे आफ्रिकेतल्या प्रदेशाचं नाव दिलं. आजोबा मूळचे कुठले असावेत, याचा अंदाज मुख्यतः त्यावरूनच बांधला जातो.