वळण मोठं केलं की काय होतं?

रविवारी पहाटे ताम्हिणीच्या वाटेला लागलं, की पौड यायच्या आतच मागून मोठ्या मोटरसायकलींचा आवाज ऐकू येतो. पाच-सहा जणांचा ग्रुप असतो, अंगात जाड जाकिटं, आणि वळण आलं की सगळे ओळीने गाड्या एका कुशीवर झुकवतात. रस्ता उखडलेला होता तेव्हा असं कोणी करत नव्हतं. वाटेतल्या चहाच्या टपरीवर यावर दोन मतं ठरलेली. रस्ता चांगला झाला म्हणून माणसं वाचतात, हे एक. रस्ता चांगला झाला म्हणूनच जातात, हे दुसरं.

या वादाचं उत्तर शोधायला मी आइल ऑफ मॅनकडे बघतो. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं हे बेट. तिथले रोजच्या वापरातले रस्ते तेवढ्यापुरते बंद करून १९०७ पासून ‘टीटी’ ही मोटरसायकल शर्यत होते. आजचा डोंगरातून जाणारा मार्ग १९११ पासूनचा आहे. एक फेरी साधारण ६०.७ किलोमीटरची, दोनशेहून अधिक वळणं, आणि कडेला दगडी भिंती, घरांचे उंबरे, दिव्याचे खांब. १९११ मध्ये डोंगरावरचा भाग म्हणजे कच्ची गाडीवाट होती. त्या वर्षी मुख्य शर्यत जिंकणाऱ्या ऑलिव्हर गॉडफ्रीचा सरासरी वेग ताशी ७७ किलोमीटरच्या आसपास होता. २०२३ मध्ये पीटर हिकमनने एक फेरी ताशी २१९ किलोमीटरच्या सरासरीने पूर्ण केली. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, काही वळणं सैल केली गेली. तरीही या मार्गावर आजवर २६०हून अधिक स्पर्धकांचे जीव गेलेत. एकट्या २०२२ च्या टीटीत सहा जण गेले.

वेग वाढण्यात इंजिनांचा, टायरांचा आणि सस्पेन्शनचा वाटा मोठा आहे, सगळं रस्त्यावर ढकलता येणार नाही. पण वळणापुरतं बोलायचं तर रस्त्याचा वाटा शाळेतल्या भौतिकशास्त्राने काढता येतो, आणि उत्तर बघून मी थोडा वेळ गप्पच झालो होतो.

वळणावर गाडीला आत खेचून धरते ती टायरची रस्त्यावरची पकड. पकड तेवढीच ठेवली आणि वळणाची त्रिज्या चौपट केली, तर तिथून जाता येणारा जास्तीत जास्त वेग दुप्पट होतो. शर्यतीच्या टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी आहे असं ढोबळमानाने धरू. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर मर्यादा ताशी ५० किलोमीटर येते. तेच वळण तासून ८० मीटर त्रिज्येचं केलं, की मर्यादा होते ताशी १०० किलोमीटर.

आता या मर्यादेच्या वेगात स्वार पडला असं समजा. डांबरावरून घसरत जाणाऱ्या माणसाला थांबवणारं घर्षण टायरच्या पकडीच्या साधारण निम्मं धरलं, तर पहिल्या वळणावर तो २० मीटर घसरतो आणि दुसऱ्यावर ८०. म्हणजे घसरण जवळजवळ त्रिज्येइतकीच. पडलेला माणूस वळत नाही, सुटला त्या दिशेने सरळ जातो. त्यामुळे तो कशावरही न आदळता थांबावा असं वाटत असेल, तर वळणाबाहेर त्रिज्येच्या सुमारे दोन पंचमांश एवढी मोकळी जागा लागते. २० मीटरच्या वळणाला आठ मीटर, ८० मीटरच्या वळणाला तेहतीस.

आइल ऑफ मॅनवर ब्रँडिश कॉर्नर नावाचं वळण आहे. १९२३ मध्ये वॉल्टर ब्रँडिश तिथे पडला, त्याचा पाय मोडला आणि वळणाला त्याचं नाव पडलं. या शतकाच्या पहिल्या दशकात ते रुंद आणि सैल करण्यात आलं. रोजच्या वाहतुकीसाठी ते योग्यच होतं, पण शर्यतीत तिथून आता पूर्वीपेक्षा खूप जास्त वेगाने जाता येतं. वळण मोठं करायला बांधकाम खात्याचा एक मोसम पुरतो. त्याच्या बाहेर तीस-तीस मीटर मोकळं रान करायचं तर शेतं, भिंती, माणसांची घरं हलवावी लागतात. साठ किलोमीटरच्या फेरीत ते कोण करणार?

रोज कामाला जाणारा माणूस मर्यादेवर गाडी चालवत नाही. रस्ता सुधारला की तो थोडा वेग वाढवतो, पण वाढलेली सगळी सुरक्षितता वापरून टाकत नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मांडलं होतं, की गाड्यांमधल्या सुरक्षा-सोयींचा फायदा चालक जास्त जोखीम घेऊन खाऊन टाकतात. माझ्या मते हे रस्त्यांबाबत अर्धंमुर्धं खरं आहे, काही फायदा उरतोच. शर्यतीत मात्र काहीच उरत नाही. ज्याने हातचं राखलं तो मागे पडला, हाच तिथला नियम. म्हणून वळण सैल करून मिळालेला प्रत्येक मीटर तिथे वेगात जातो.

आणि रोजच्या रस्त्यावरही रुंदीच्या भुलीला कमी लेखू नये. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा. रस्ता प्रशस्त आहे, पण तो प्रशस्तपणा पाय ब्रेकवरून काढायला सांगतो आणि उतार सांगतो की काढू नकोस. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्री तिथे चाळीसहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या.

मग रस्ता सुधारूच नये का? सुधारावा, फक्त काय सुधारतोय ते बघावं. मोटरसायकलस्वाराला सगळ्यात जास्त दगा देते ती मध्येच बदलणारी पकड. पावसात अख्खा रस्ता निसरडा असेल तर माणूस जपून जातो. पण कोरड्या डांबरात मध्येच केबलच्या खोदाईचा पॅच, चेंबरचं गुळगुळीत लोखंडी झाकण किंवा जाड रंगाचा पट्टा आला, की झुकलेल्या गाडीचं चाक निसटतं. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकसारखा पृष्ठभाग, पुढचं वळण आधी दिसणं, उंचवटे काढणं, यांचा फायदा शर्यतीतही होतो, कारण त्यांनी स्वाराचा अंदाज चुकायची शक्यता कमी होते. आदळल्यानंतरच्या सोयींचा उपयोग तर वादातीत आहे. टीटीत हेल्मेट १९१४ पासून सक्तीचं झालं, आणि जखमींना उचलायला १९६३ पासून हेलिकॉप्टर आलं.

एका सुधारणेने मात्र उलटा घाव घातला. मोटारींना ट्रॅकवर अडवण्यासाठी बसवलेले लोखंडी कठडे मोटरसायकलस्वारांसाठी घातक निघाले. २० मे १९७३ रोजी इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर मोटरसायकल शर्यतीत पहिल्याच वेगवान वळणावर गाड्यांचा खच पडला. यार्नो सारिनेन आणि रेन्झो पासोलिनी हे जगातले दोन अव्वल स्वार त्यात मरण पावले. त्या वळणावर कठडा ट्रॅकला लागूनच होता.

मागच्या महिन्यात ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका वळणावर मी गाडी बाजूला लावून उतरलो. डांबर नवं, मधला पांढरा पट्टा ताजा. पट्ट्याशेजारी हातभर लांबीचा एक पांढुरका ओरखडा होता, कोणाच्या तरी फूटरेस्टचा असावा. डांबराच्या कडेपासून लोखंडी क्रॅश बॅरियरपर्यंत पावलं मोजली. सहा भरली, म्हणजे साधारण पाच मीटर. वळणाची त्रिज्या नजरेने ५० मीटर धरली, तर मर्यादेवरचा वेग ताशी ८० आणि घसरण ५० मीटर. कडेवरून सुटलेला स्वार २३ मीटरवर कठड्याला भिडेल, आणि तेव्हाही त्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या घरात असेल.

कठड्याचा पत्रा माझ्या गुडघ्याच्या वर होता. त्याखाली उघडे लोखंडी खांब, आणि दोन खांबांच्या मध्ये माणूस सहज घसरून जाईल एवढी फट. युरोपातल्या काही देशांत अशा ठिकाणी खाली आणखी एक पत्रा बसवतात, म्हणजे घसरत आलेला माणूस खांबावर न आदळता पत्र्यालगत सरकत जातो. वळण सैल करण्याच्या मानाने हे किरकोळ काम आहे, आणि त्याने कोणाचा वेगही वाढत नाही.