कोयनेच्या जलाशयासाठी शिडाची लाकडी होडी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

सातारा जिल्ह्यातील ज्या कुटुंबांना बामणोली-तापोळा परिसरात, म्हणजे कोयनेच्या शिवसागर जलाशयात, स्वतःच्या शिडाच्या होडीतून फिरायचे आहे, त्यांनी सुताराला विसार देण्यापूर्वीच होडी केवळ शीड व वल्ह्यांवर चालवायची की तिला इंजिनही बसवायचे, हे ठरवावे. पुढची बहुतेक कागदपत्रे आणि बराचसा खर्च त्यावरच अवलंबून असतो.

१९१७चा जुना कायदा जाऊन आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे यंत्रचलित नौकेला तपासणीचा दाखला, नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा लागतो, शिवाय ती चालवणाऱ्याकडे सक्षमतेचे प्रमाणपत्र असावे लागते. मागे लहानशी आउटबोर्ड मोटर लावली तरी होडी यंत्रचलितच ठरते. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. यंत्र नसलेल्या नौकांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत करण्याची तरतूद याच कायद्यात असल्याने त्यांची चौकशी ग्रामपंचायतीपासून सुरू करावी. खर्च आवाक्यात ठेवायचा असेल, तर इंजिनाचा मोह टाळलेला बरा.

नोंद झाली म्हणजे जलाशयात होडी सोडण्याची मुभा मिळाली, असे मात्र नाही. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असून पलीकडचे जंगल कोयना अभयारण्यात, म्हणजेच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते; त्यामुळे धरण व्यवस्थापनाची लेखी परवानगी आणि वासोटा किल्ल्याच्या बाजूला उतरायचे असल्यास वन विभागाचा परवाना, हे दोन्ही स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. धरणाच्या भिंतीजवळचा पट्टा कौटुंबिक सहलीसाठी गृहीतच धरू नये.

लाकडाच्या बाबतीत अर्जदार सर्वाधिक गाफील राहतात. स्वतःच्या शेतातील साग असला तरी १९६४च्या वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार आधी परवानगी घ्यावी लागते, त्यासाठी सातबारा उतारा जोडावा लागतो आणि तोडलेला माल हलवताना वाहतूक पासही लागतो. होडी बांधणारे कुशल सुतार मुख्यतः कोकण किनाऱ्यावर असल्यामुळे लाकूड घाट उतरून जाणार आणि तयार होडी कुंभार्ली घाटाने वर येणार, हे लक्षात घेऊन ट्रकमध्ये मावेल एवढीच लांबी सांगावी. वखारीतून लाकूड घेतल्यास पावती आणि पासची प्रत जपून ठेवावी, कारण घाटातल्या नाक्यावर तोंडी खुलासा चालत नाही.

अर्जासोबत मालकाची ओळख व पत्त्याचा पुरावा, लांबी-रुंदी-खोली दाखवणारा आराखडा, बांधणाऱ्याचा सहीचा दाखला, लाकडाच्या पावत्या आणि वापर केवळ खासगी असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. भावंडांची सामाईक मालकी असल्यास सर्वांचे संमतिपत्र जोडावे. पर्यटकांकडून भाडे घेण्याचा विचार असेल, तर तो व्यवसाय ठरतो आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

इंजिन बसवायचेच असेल, तर फळ्या ठोकण्याआधी, पठाण (होडीचा तळकणा) आणि वांके (आतल्या बरगड्या) उघडी असताना, तपासणी अधिकाऱ्याला कळवून छायाचित्रे काढून ठेवावीत. फळ्या बसून सांध्यांत काथ्या भरल्यावर आतील बांधणी दाखवता येत नाही.